पेपर छापून आला नाही म्हणून सूक्ष्मजीवशास्त्रातली पीएचडी अडवावी का?

संथ_वाढ:
प्रबंध लिहून तयार आहे. कोर्सवर्क झालं, दुसऱ्या वर्षीची पात्रता परीक्षा झाली, दरवर्षी समितीसमोर उभं राहून झालं, दोन सत्रं खालच्या वर्गाला ग्राम स्टेन (जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत) शिकवून झालं. समितीतल्या तिघांनीही प्रबंध वाचून 'सादर करा' म्हटलंय. तरी गाडी अडलीय ती एका ओळीवर: 'प्रथम लेखक म्हणून किमान एक शोधनिबंध स्वीकारला गेलेला असावा.'

पेपर सध्या तिसऱ्या जर्नलकडे आहे. पहिल्याने रिव्ह्यूला न पाठवताच परत केला. दुसऱ्याकडे एक रिव्ह्यूअर खूश होता. दुसऱ्या रिव्ह्यूअरने दोन मागण्या केल्या, त्यातली एक म्हणजे उंदरांमध्ये संसर्गाचा प्रयोग. आमच्याकडे त्याची परवानगीही नाही आणि सोयही नाही.

माझा जिवाणू क्षयाच्या कुळातला. ई. कोलाय चांगल्या माध्यमात २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाचा जिवाणू त्यासाठी १८ ते २४ तास घेतो, आणि घट्ट माध्यमावर वसाहत डोळ्यांना दिसायला ३ ते ६ आठवडे लागतात. प्रयोग फसला की शेजारच्या बेंचवरच्या मुलाचा दिवस जातो, माझा ऋतू जातो. नियम मात्र दोघांना एकच.

माझं म्हणणं एवढंच: पदवी द्यायची की नाही हे विद्यापीठाने स्वतः तपासून ठरवावं. ज्याचं नावही मला कधी कळणार नाही, अशा माणसाच्या सवडीवर ते सोडू नये.

तिसरा_परीक्षक:
सहानुभूती आहे, पण असहमत.

बाहेरचा परीक्षक म्हणून मी बरेच प्रबंध वाचलेत. समिती म्हणजे कोण असतं? गाईडचे सहकारी. आज मी तुमच्या विद्यार्थ्याला अडवलं तर उद्या तुम्ही माझ्या विद्यार्थ्याला अडवाल, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे समितीच्या बैठकीत प्रश्न विचारतात ते 'पुढे काय करणार?' असे. 'हे खरं कशावरून?' असं फार थोडे विचारतात. एका प्रबंधात एकच जेलचा (डीएनए-प्रथिनांच्या पट्ट्यांचा) फोटो उलटा करून दोन प्रकरणांत वापरला होता. समितीच्या नजरेतून सुटला, आणि कबूल करतो, माझ्याही. जर्नलच्या चित्रतपासणीत पकडला गेला. विद्यार्थ्याची चूक प्रामाणिक होती, फायलींची नावं सारखी होती. पण सापडली ती पेपर पाठवला म्हणूनच.

आणि संथ वाढणाऱ्या जिवाणूचं म्हणाल तर तो पहिल्या दिवसापासून संथच होता ना?

पेट्रीवाली:
@तिसरा_परीक्षक, शेवटचं वाक्य खवचट आहे. प्रकल्प गाईड निवडतो, भोगतो विद्यार्थी.

बाकी 'पेपर म्हणजे तपासलेलं सत्य' हे ज्यांना वाटतं त्यांनी आर्सेनिकवाल्या जिवाणूची गोष्ट आठवावी. डिसेंबर २०१० मध्ये सायन्ससारख्या जर्नलने छापलं की मोनो सरोवरातला जीएफएजे-१ नावाचा जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो. पत्रकार परिषद झाली, परग्रहावरच्या जिवांपर्यंत गप्पा गेल्या. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की तसं काही नाही, त्याला फॉस्फरस लागतोच, फक्त फार थोड्यावर भागतं. पेपर मागे घ्यायला २०२५ उजाडलं. रिव्ह्यूअर तिथेही होतेच की.

तिसरा_परीक्षक:
पेट्रीवालीताई, हे उदाहरण तुम्ही माझ्या बाजूने दिलंत. २०१२ चा एक पेपर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफील्ड यांच्या गटाचा. त्यांनी तो जिवाणू मागवून वाढवला आणि रोजच्या नोंदी उघडपणे ब्लॉगवर टाकल्या. हे शक्य झालं कारण मूळ दावा जगासमोर होता. तोच दावा एखाद्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात असता, तर ग्रंथालयाच्या कपाटात आजही सुखाने पडून असता आणि कोणाची तरी पीएचडी झाली असती.

रिव्ह्यूअर चुकतात, मान्य. पण छापलेली चूक कोणाला तरी दुरुस्त करता येते.

लूप_न_धरलेला:
माझी उलटी केस, म्हणून लिहितो. पीएचडी करताना माझे चार पेपर झाले, दोनांत पहिलं नाव. पेपरच्या अटीने मी दोनदा पास. विषय मातीतल्या सूक्ष्मजीवसमूहांचं मेटाजिनोमिक्स, म्हणजे जिवाणू न वाढवता त्यांचा सगळा डीएनए एकत्र वाचणं. पाच वर्षांत हातात लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) धरला नाही, एका प्लेटवर जिवाणू पसरवले नाहीत. डीएनए दुसऱ्यांनी काढला, सिक्वेन्सिंग यंत्राने केलं, मी कोड लिहिला.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) एका बाईंनी विचारलं, "तुमच्या यादीत हा जो वंश सगळ्या नमुन्यांत थोडा थोडा दिसतो, तो मातीतला आहे की डीएनए काढायच्या किटमधला?" मी गप्प. कोरा कंट्रोल (माती न घालता केलेली चाचणी) चालवलाच नव्हता. किटमधल्या रसायनांतही जिवाणूंचा डीएनए असतो हे वाचलेलं होतं, पण स्वतःच्या आकड्यांकडे त्या नजरेने कधी बघितलं नव्हतं. चार पेपर, किमान आठ रिव्ह्यूअर, एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. तीन महिन्यांची दुरुस्ती मिळाली आणि प्रबंधातलं एक कोष्टक निम्मं झालं. पेपरातलं तसंच आहे, त्याचं शुद्धिपत्र पाठवायला मला अजून वर्ष लागलं, ते वेगळं.

आगर_आगर:
@लूप_न_धरलेला, प्रामाणिकपणाबद्दल सलाम, पण मग मी थेटच विचारते. एकही प्लेट न ओतता सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टर व्हावं का? पेपरच्या अटीपेक्षा मला ही अट हवी: पहिल्या वर्षी तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काही आठवडे काम, त्यातली एक तरी ओल्या बेंचची, म्हणजे हाताने प्रयोग करायची. अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांत अशी फिरती असतेच. स्वतःचं कल्चर एकदा कंटॅमिनेट झाल्याशिवाय माणसाचा कंट्रोलवर विश्वास बसत नाही.

लूप_न_धरलेला:
बसला असता तर बरं झालं असतं. उलट बाजूनेही लावा मग. आकडेमोड न येणारे बेंचवाले तीनदा प्लेट मोजून 'एन बरोबर तीन' (म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग) लिहितात. एकाच फ्लास्कमधून तीन प्लेट ओतल्या तर ती एकाच प्रयोगाची तीन मोजमापं झाली, तीन प्रयोग नव्हेत. हे पात्रता परीक्षेत विचारलं तर निम्मा वर्ग नापास होऊन बसेल.

आगर_आगर:
हे मात्र खरं. आमच्याकडेही निम्मा बसेल. (वरचा निम्मा, दुर्दैवाने.)

उणे_ऐंशी:
धागा भरकटतोय, मूळ मुद्द्यावर या. ही अट जगात सगळीकडे नाही, एवढं तरी समजून घ्या. ब्रिटनमध्ये पारंपरिक पद्धत म्हणजे प्रबंध, आणि बंद दाराआड एक आतला व एक बाहेरचा परीक्षक घेतात ती व्हायवा. पेपर असला तर उत्तम, नसला तरी पदवी अडत नाही. स्वीडनमध्ये बहुतेक प्रबंध म्हणजे पेपरांची मोट, पुढे प्रस्तावना. वर जाहीर बचाव, ज्यात बाहेरून बोलावलेला 'विरोधक' सगळ्यांसमोर तुम्हाला सोलतो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत पेपरची सक्ती काढली, पण विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात, आणि ठेवतात. म्हणजे पेपरशिवाय पीएचडी देऊन आकाश कोसळत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. अट पेपरची ठेवली की विद्यार्थी आणि गाईड दोघंही पेपर निघेल असाच प्रश्न निवडतात. आणखी एक वनस्पती-अर्क, आणखी चार जिवाणू, अर्काच्या डिस्कभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास मिलीमीटरमध्ये, संपलं. अवघड जिवाच्या वाटेला कोण जाईल? हिरोयुकी इमाची आणि सहकाऱ्यांनी समुद्रतळाच्या गाळातून ॲसगार्ड कुळातला आर्किया (जिवाणूंसारखाच एकपेशीय, पण वेगळ्या शाखेतला जीव) वाढवला, त्याला १२ वर्षं लागली. दुप्पट व्हायला तो १४ ते २५ दिवस घेतो. पेपर २०२० मध्ये नेचरमध्ये आला. सातव्या वर्षी त्या फ्लास्कपाशी एखादी विद्यार्थिनी उभी असती, तर तिला 'पेपर नाही, पदवी नाही' म्हणणार होतो का आपण?

तिसरा_परीक्षक:
नाही. पण शहाणा गाईड तिला सातव्या वर्षापर्यंत त्या एकाच फ्लास्कपाशी उभीही ठेवणार नाही. जोडीला एक छोटा, होणारा प्रश्न देईल. जोखमीचा प्रकल्प विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकूच नये.

अर्ध्यावर_सोडलेली:
'शहाणा गाईड देईल.' सगळं तिथेच येऊन थांबतं ना, सर?

मी चौथ्या वर्षी सोडलं. पेपर तयार होता. गाईडनी पहिलं नाव नव्या पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधकाला) दिलं. कारण काय, तर त्याला नोकरीसाठी हवं होतं आणि 'तुझा पुढचा होईलच'. पुढचा पेपर म्हणजे अजून दोन वर्षं. नियमात 'प्रथम लेखक' असल्यामुळे माझं चार वर्षांचं काम एका स्वल्पविरामाने दुसऱ्या क्रमांकावर गेलं. कुठे दाद मागायची हे कोणीच सांगू शकलं नाही.

जुनाच रोग आहे हा. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध देणारा जिवाणू वेगळा केला तो आल्बर्ट शॅट्झ पीएचडीचा विद्यार्थी होता. १९४४ च्या पेपरावर त्याचंच नाव पहिलं आहे. तरी १९५२ चं नोबेल एकट्या वाक्समनना, म्हणजे त्याच्या गाईडना, आणि सहशोधक म्हणून मान्यता मिळवायला शॅट्झला कोर्टात जावं लागलं. एलिझाबेथ बूगी त्याच पेपरावर दुसरी लेखिका होती, पेटंटवर तिचं नावच नाही. पेपर हे गाईडच्या हातातलं चलन आहे. त्यावर पदवी बांधली की विद्यार्थ्याचा गळाच त्याच्या हातात दिला.

तिसरा_परीक्षक:
यावर माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नाही. एक दुरुस्ती मात्र: शॅट्झचं नाव पेपरावर पहिलं होतं म्हणून तर तो कोर्टात काही दाखवू शकला. नुसता प्रबंध असता तर कठीण होतं. पण तुमच्या बाबतीत झालं तो अन्यायच.

पेट्रीवाली:
मग मधला मार्ग आहे की. अट 'स्वीकारलेला पेपर' ऐवजी 'जाहीर केलेलं हस्तलिखित' करा. रिव्ह्यूआधीची हस्तलिखितं जाहीर ठेवणारं बायोआर्काइव्ह हे संकेतस्थळ २०१३ पासून आहे. हस्तलिखित टाका, कच्चा डेटा टाका. म्हणजे रेडफील्डबाईंसारखा कोणी उघडून तपासू शकेल, आणि अनोळखी रिव्ह्यूअरने उंदीर मागितले म्हणून कोणाचं वर्ष जाणार नाही.

उणे_ऐंशी:
+१. आणि बाहेरच्या परीक्षकाने लॅबबुक बघावं. प्रबंधात छापलेला आलेख नव्हे, त्या दिवशीची नोंद: कुठली स्ट्रेन (जिवाणूचा वाण), कुठल्या गोठवलेल्या कुपीतून, माध्यम कोणत्या दिवशीचं.

तिसरा_परीक्षक:
कागदावर छान आहे. पण पोतडीतलं एक गुपित सांगतो. मी काही प्रबंध विमानतळावर बसून वाचलेत. बाहेरच्या परीक्षकाला मिळतं नाममात्र मानधन आणि दोन दिवस. पाच वर्षांची लॅबबुकं तो कधी उघडणार? पेपरची अट टिकून आहे कारण तिच्यामुळे विद्यापीठाला स्वतः कष्ट घ्यावे लागत नाहीत. हे समर्थन नव्हे, निदान आहे. ती अट काढायची तर परीक्षकांना निदान आठवडाभर प्रयोगशाळेत बसवायला हवं. त्याला कुठलं विद्यापीठ तयार होईल?

संथ_वाढ:
दोन दिवस लांबून वाचत होते. आता एक कबुली, जी मूळ धाग्यात मुद्दाम टाळली होती.

रिव्ह्यूअरची दुसरी मागणी अशी: मी एक जनुक काढून टाकलं, जिवाणू मॅक्रोफेजमध्ये (जिवाणू गिळणाऱ्या पेशींमध्ये) तग धरेनासा झाला, आणि मी निष्कर्ष काढला की ते जनुक त्यासाठी लागतं. तो म्हणाला, जनुक परत घालून दाखवा. अमुक रोग अमुक जंतूमुळेच होतो हे ठरवायचे कॉकचे निकष १९८८ मध्ये स्टॅन्ली फाल्को यांनी जनुकांसाठी मांडले, त्यात हे आहेच: जनुक गेलं की गुण जावा, परत आलं की परत यावा. नाहीतर म्युटंट (जनुक काढलेला जिवाणू) करताना भलतीकडेच काही बिघडलं नाही कशावरून? पात्रता परीक्षेत मी स्वतः हे उत्तर लिहिलं होतं. समितीतल्या तिघांनीही, चार बैठकांत, हे विचारलं नाही. त्या रिव्ह्यूअरवर मी आठ महिने चिडून होते.

तो प्रयोग सुरू केलाय. प्लेट इन्क्युबेटरमध्ये आहेत, आज विसावा दिवस.

पण म्हणून अट बरोबर ठरते असं मला अजूनही वाटत नाही, परीक्षक सर. हा प्रश्न मला दुसऱ्या वर्षी, समोरासमोर, समितीने विचारायला हवा होता. तेव्हा सहा महिन्यांत झालं असतं. उंदरांबद्दल तर माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

तिसरा_परीक्षक:
उंदरांचं सोडा, तिथे मीही तुमच्याच बाजूने आहे. एकच विचारतो. जनुक परत घालूनही गुण परत आला नाही, तर ते प्रबंधात लिहिणार की फक्त पेपर मागे घेणार?

संथ_वाढ:
प्रबंधात लिहिणार. पाचवं प्रकरण त्यासाठीच अजून बांधायला दिलेलं नाही.

आगर_आगर:
विसाव्या दिवशी काही दिसतंय का पण?

संथ_वाढ:
कंट्रोलवर दिसतंय. बाकीच्यांना अजून दहा दिवस देते.