चर्चच्या धान्यवाटपाचा इतिहास कुठून धरावा?

प्रश्न (दादरकर) : आमच्या धर्मग्रामाची, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायाची, स्मरणिका निघते आहे आणि गरजूंच्या धान्यवाटपावरचा लेख माझ्याकडे आला आहे. देवळामागच्या खोलीत तांदूळ, तूरडाळ, तेल यांची पाकिटे भरलेली असतात आणि महिन्यातून एकदा मिस्सानंतर (चर्चमधील प्रार्थनाविधीनंतर) ती कार्ड पाहून दिली जातात. तरुण मंडळींच्या मते हे २०२० च्या टाळेबंदीत सुरू झाले. माझी आई मात्र सांगते की तिच्या लहानपणी याच खोलीतून दुधाची पावडर मिळत असे. सुरुवात कोणती मानावी?

माहीमकर : आईंचे म्हणणे बरोबर असणार. अमेरिकेच्या १९५४ च्या पीएल-४८० या अन्नमदतीच्या कायद्याखाली आलेला बराचसा गहू सरकारने विकत घेऊन रेशनवर दिला, पण त्याच कायद्यातील दानाचा भाग, म्हणजे दूधपावडर, तेल वगैरे, स्वयंसेवी संस्थांमार्फत वाटला जाई. कॅथलिकांकडे कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ही संस्था, प्रोटेस्टंटांकडे कासा ही मदतसंस्था. हस्तांदोलनाचे चित्र छापलेल्या त्या पोत्यांच्या आमच्या घरी पिशव्या शिवल्या होत्या. (पावडरीच्या गुठळ्या काही केल्या मोडत नसत.) परंतु तो माल परदेशाचा होता आणि चर्च केवळ वाटप करीत होते, म्हणून त्याला तुमच्या उपक्रमाचा आरंभ म्हणवत नाही.

वांद्रेकर : धर्मग्रामात संत विन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा असेल तर तिच्या वह्या आधी पाहा. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह उभी केली आणि गरिबांच्या घरी कसे जावे, हे त्यांना सिस्टर रोझली रेंद्यू यांनी दाखवले. सभासद दोघादोघांनी घरी जातात आणि बैठकीत कोणी किती टाकले हे दिसू नये अशा रीतीने वर्गणी फिरवतात. मला यातली मोलाची गोष्ट ही वाटते की जुन्या पद्धतीत धान्य घराकडे जात असे. रांग आणि कार्ड नंतरचे, आणि ते मला आजही खटकते.

गिरगावकर : एक शब्दभेद लेखात जरूर पाळावा. अमेरिकेत फिनिक्स येथे १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी सेंट मेरी चर्चच्या मदतीने सुरू केलेली फूड बँक संस्थांना माल पुरवते, तर तुमची खोली थेट कुटुंबांना देते. दोन्हींना 'बँक' म्हटल्यास घोटाळा होतो.

दादरकर : सर्वांचे आभार. वेस्ट्रीच्या (चर्चमधील धर्मगुरूंचे पोशाख व सामान ठेवण्याच्या खोलीच्या) कपाटात वही सापडली. पहिली पाने गेली आहेत, वर्ष कुठेच नाही, पण उरलेल्या नोंदी शेरांत आहेत: 'तांदूळ ४ शेर, विधवा, ३ मुले, घरी पोचवले.' दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तेव्हा नोंदी त्या सुमाराच्या किंवा त्याआधीच्या असाव्यात, आणि 'घरी पोचवले' हे शब्द प्रत्येक ओळीत आहेत. त्यामुळे लेखाची सुरुवात या वहीपासून करतो. दूधपावडर आणि टाळेबंदी पुढे येतील. कुटुंबांची नावे छापणार नाही. आता प्रमुख धर्मगुरूंना विचारायचे आहे की कार्डाची पद्धत नेमकी कोणाच्या काळात आली.