प्रतिसाद: भरलेल्या कासेवर जाऊ नका

घरच्या दुधासाठी कोणती देशी गाय घ्यावी या प्रश्नावर वर सगळे गीरच घ्या म्हणताहेत, दुधाला ती सरसच, पण इगतपुरी-त्र्यंबककडचा पाऊस बघता घरच्या चहा-दह्यापुरती डांगी ही तिकडचीच जात बरी, कातडी तेलकट त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही आणि खूर काळे टणक. दूध मात्र कमीच, दिवसाला दोन-तीन लिटर धरून चाला. घोटीच्या बाजारात मिळते.

कोणतीही घ्या, एक गोष्ट कुणी लिहिली नाही, विकायला आणताना बरेचजण आदली धार चुकवून गाय तुंबवतात, कास टम्म दिसते न भाव चढतो. म्हणून शक्यतो गोठ्यावर जाऊन संध्याकाळची आणि दुसऱ्या सकाळची अशा दोन्ही धारा समोर काढायला लावा, चारही सडांची पहिली चिळकांडी काळ्या फडक्यावर मारा, दुधात गाठी दिसल्या की दगडीचा (कास सुजण्याच्या आजाराचा) संशय, सरळ दुसरी बघा. वासरू सोबत हवंच, त्याच्याशिवाय देशी गाय सहसा पान्हा सोडत नाही.