तिसरीतल्या मुलीसाठी थोर स्त्रियांवरची मराठी पुस्तकं सुचवा, पण जरा खरी हवीत

कळव्याची_आई:
नमस्कार मंडळी. लेक तिसरीत आहे, मराठी बऱ्यापैकी वाचते, जोडाक्षराला अडखळते पण चालतं. वक्तृत्व स्पर्धेत तिला थोर स्त्रियांवरचं एक पुस्तक बक्षीस मिळालं, प्रत्येकीला दोन पानं, वर रंगीत चित्र, सगळ्यांचे चेहरे सेम आणि सगळ्याच लहानपणापासून हुशार, जिद्दी, तेजस्वी. आनंदीबाई जोशी अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या, संपलं. आता आनंदीबाई आपल्या कल्याणच्या म्हणून हिला भारी कौतुक, तर विचारते की आई मग त्यांनी किती पेशंट बरे केले? काय सांगू तिला, १८८६ ला डिग्री मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्यासुद्धा, वय २१, कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेमणूक झाली होती तीही तशीच राहिली. मी सांगितलं खरं खरं, तर सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरीला मरणाबिरणाचं कशाला. तर अशी पुस्तकं सुचवा ज्यात ती बाई माणूस वाटेल. मराठीतच हवीत, दोनशे-तीनशेपर्यंत.

ऐरोली_सेक्टर_आठ:
ताई, आनंदीबाईंच्या जोडीला रखमाबाई राऊत द्या. ११ व्या वर्षी लग्न लागलेलं, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला साफ नकार दिला, त्याने १८८४ ला कोर्टात खेचलं, १८८७ ला कोर्ट म्हणालं नांदायला जा नाहीतर सहा महिने जेल, तर ही म्हणाली जेल चालेल! नंतर लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केली. पेशंट किती याचं उत्तर इथे भरपूर आहे. आमच्या चिरंजीवांना (हो, मुलांनापण वाचायला द्या, थोर स्त्रिया काय फक्त मुलींच्या वाट्याला आहेत का) कोर्टाचा भाग जाम आवडला, मधेच थांबवून विचारायचा मग पोलीस आले का.

घोडबंदर_बाबा:
मी आजींच्या बाजूने. आठ वर्षांच्या मुलीला आनंदीबाईंचं नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ, ते दहा दिवसांत गेलं हे सगळं कशाला? बालपण राहू द्या जरा. कमला सोहोनी सांगा की, बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत १९३३ ला सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, ती हटूनच बसली, शेवटी आधी वर्षभर काम बघू या अटीवर घेतलं, आणि १९३९ ला केंब्रिजची पीएचडी. पुढे तिने नीरेवर संशोधन केलं, आपण स्टेशनवर उभ्याने प्यायचो तीच नीरा. कुठे मिळाली तर एक ग्लास पाजा आणि तिथेच गोष्ट सांगा, पुस्तकबिस्तक नंतर.

नौपाडा_काकू:
बाबा, नीरेची आयडिया झकास, पण बाकी पटलं नाही हो. नवव्या वर्षी लग्न ही त्या गोष्टीतली बाजूची माहिती नाहीये, तीच तर गोष्ट आहे. ती काढली की उरतं काय, अमेरिकेचं तिकीट? बाळंतपणाचे तपशील नका सांगू, पण ‘माझ्या वर्गातल्या मुलीचं लग्न लागलं असतं’ एवढं तिसरीतल्या पोरीला बरोब्बर कळतं, आणि त्याचा रागही येतो, येऊ दे की. उलट मला खटकतं ते सावित्रीबाईंचं. १८४८ ची शाळा, अंगावर शेण, पिशवीत जादा लुगडं, भाषण खलास. त्यांच्या शाळांत शिकलेल्या मुलींचं कोणी बोलत नाही! मुक्ता साळवे साधारण चौदा वर्षांची होती, मांग-महारांच्या दुःखावर तिने निबंध लिहिला आणि तो १८५५ ला ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. मुलांना मुलांनी केलेलं जास्त लागतं.

आणि विकत घेण्याआधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बघा, १८९३ पासूनचं आहे, उगाच ऑनलाइन कव्हर बघून मागवू नका. मी पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा बघते त्यात ती बाई कुठे चिडलीय का, कंटाळलीय का, कोणाशी भांडलीय का. नसेल तर परत फळीवर. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातले तुकडे मोठ्याने वाचून दाखवा, मोठ्यांचं पुस्तक आहे पण वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या गमतीजमतींना पोरं लोळतात हसून.

ऐरोली_सेक्टर_आठ:
काकू +१. आणि स्टोरीवीव्हर बघा, प्रथम बुक्सची साइट, फुकट आहे, भाषा मराठी निवडायची. लेव्हल दोन-तीन तिला जमेल.

कळव्याची_आई:
थँक्यू सगळ्यांना. शनिवारी जातेय ग्रंथसंग्रहालयात, काकूंची चिडक्या बाईची टेस्ट लावून बघते. रखमाबाईंचं रात्री थोडंसं सांगितलं, तर लेकीपेक्षा सासूबाईच विचारतायत, मग गेली का ती जेलमध्ये? @ऐरोली, मुलाला कुठल्या पुस्तकातून वाचून दाखवलंत ते टाका ना प्लीज, कव्हरचा फोटो असला तरी चालेल.