रुग्ण दिसत नाहीत म्हणजे संसर्ग नाही, असं नव्हे

खेड्यांत काविळीचे रुग्ण कमी दिसतात, म्हणजे तिथे हिपॅटायटिस ए (दूषित अन्नपाण्यातून पसरणारा, यकृताला सूज आणणारा विषाणूजन्य आजार) कमी असणार, असा तर्क केला जातो. तो मला पटत नाही. बऱ्याचदा उलटंच असतं.

सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना या विषाणूची लागण होऊनही कावीळ होत नाही. थोडा ताप, पोट बिघडणं, बस्स. घरच्यांना पत्ताही लागत नाही. पण एकदा लागण झाली की प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, स्वच्छतेची सोय नसलेल्या भागांत सुमारे ९० टक्के मुलांना दहाव्या वर्षाआधीच लागण होऊन जाते. मग मोठेपणी रुग्ण दिसणार कुठून? खरं प्रमाण कळतं ते रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी (लागण कधीतरी होऊन गेल्याची खूण असणारी, शरीराने तयार केलेली प्रथिनं) तपासल्यावर. (आयजीएम वेगळी, ती ताजी लागण दाखवते. या दोन्हींत गल्लत फार होते.)

गंमत म्हणजे पाणी आणि शौचालयं सुधारली की लागण लहानपणी टळते, आणि पुढे विशी-तिशीत गाठते. तेव्हा मात्र कावीळ जोरात होते, क्वचित यकृत निकामीही होतं. त्यामुळे सुधारणा अर्धवट झालेल्या गावांतच साथी ठळकपणे जाणवतात. लसीचा विचार तिथे आधी व्हायला हवा, असं माझं मत.