'ड्रूप'ला मराठीत काय म्हणावे : झोळ, लोंबण की आणखी काही?

चाकोरी :
1/10 प्रमाणातील विजेवर चालणारी रेडिओ-नियंत्रित टूरिंग कार पहिल्यांदाच जोडणाऱ्या मुलांसाठी मी मराठीत एक सेटअप-पत्रक लिहीत आहे. 'ड्रूप' या शब्दापाशी घोडे अडले आहे. मोटार जमिनीवरून उचलली की चाके स्वतःच्या वजनाने जेवढी खाली उतरतात, तेवढी ही चाल. मी तिला 'झोळ' म्हटले. मोटारसायकलींचे काम करणाऱ्या माझ्या एका मित्राला ते अजिबात पटले नाही. झोळ म्हणजे स्वार बसल्यावर स्प्रिंग जेवढी दबते ती, म्हणजे नेमकी उलट दिशेची चाल, असे त्याचे म्हणणे आहे. जाणकारांनी मत द्यावे.

शब्दवेडी :
आपल्या मित्राशी मी निम्मी सहमत आहे. झोळ पडतो तो दोन्ही टोके बांधलेल्या वस्तूला, मग ती दोरी असो वा मांडवाचे कापड. चाक धरून वर-खाली हलणारा दांडा एका टोकाला खिळलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा असल्यामुळे तो लोंबतो, त्याला झोळ पडत नाही. म्हणून 'लोंबण' लिहावे. 'लोंब' असे तोडू नये, कारण कोकणातल्या वाचकाला आधी भाताची लोंबी दिसेल.

टर्नर :
मुंबईच्या मुलांना 'झोळ' वाचून 'झोल' आठवेल आणि ती हसत सुटतील, ते वेगळेच. परंतु खरा घोटाळा शब्दाचा नसून आकड्याचा आहे. चाके काढून चासी, म्हणजे मोटारीचा सांगाडा, 10 मिलिमीटर उंचीच्या दोन ठोकळ्यांवर ठेवतात आणि पायऱ्यांची मापपट्टी दांड्याच्या बाहेरच्या टोकाखाली सरकवतात. पट्टीवरचा आकडा जितका मोठा, तितका दांडा वर, म्हणजे ड्रूप तितका कमी. 'ड्रूप 6 ठेव' आणि 'ड्रूप वाढव' ही वाक्ये एकाच पानावर आली की नवशिका दांड्याची चाल ठरवणारा स्क्रू हटकून उलटा फिरवतो. आपण लोंबण लिहा किंवा झोळ लिहा, 'स्क्रू आवळला की दांडा वर जातो आणि चाल घटते' हे वाक्य मात्र शेजारीच असू द्या.

वाटसरू :
शब्द घडवायचेच असतील तर आधी गवंड्यांकडे जावे. भिंत 'ओळंब्यात' आहे की नाही हे आपण रोज बोलतो. मग कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्याला, 'ओळंबाफरक' का म्हणू नये? चाकाचा माथा ओळंब्यापासून दीड-दोन अंश आत झुकवला की वळणावर मोटार कलंडत असतानाही टायर पुरेशा रुंदीने जमिनीला टेकून राहतो. टायरची आतली कड आधी झिजू लागली तर झुकाव जास्त झाला असे समजावे. टो-आउटला, म्हणजे चाकांची पुढची कड बाहेर वळलेली असण्याला, तर 'फेंगडे' हा शब्द तयारच आहे.

शब्दवेडी :
फेंगडे म्हणजे पाय फाकवून चालणारा. त्याची पावले बाहेर वळलेली असतीलच असे नाही. आमच्याकडे विदर्भात तरी हा शब्द चवड्यांसाठी कोणी वापरत नाही.

वाटसरू :
आमच्या साताऱ्याकडे वापरतात. माझी आजी पाऊल बाहेर टाकून चालणाऱ्या प्रत्येकाला फेंगडा म्हणत असे.

टर्नर :
या वादातच आपले उत्तर आहे. जो शब्द एकाला कॅम्बर वाटतो आणि दुसऱ्याला टो, तो पत्रकात कशाला हवा? मागच्या चाकांना दोन ते तीन अंश टो-इन दिला, म्हणजे त्यांची पुढची कड आत वळवली, की मोटारीची शेपूट स्थिर राहते, हे मुलाला 'टो-इन' म्हणूनच कळते. नाक्यावरचा अलाइनमेंटवालाही तेच म्हणतो. उद्या कोणी डिफरन्शियलमधल्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या डबीतल्या, सिलिकॉन तेलाला 'वंगण' म्हणेल आणि ते साफ चुकेल, कारण तिथे घट्ट तेल घालतात ते दोन चाकांच्या वेगांतला फरक आवरून धरण्यासाठी. बैलगाडीच्या आसाला घालतात ते वंगण. त्याचे काम घर्षण कमी करणे.

वाटसरू :
तेल गिअरच्या दातांना लागते, म्हणजे वंगणाचे काम ते करतेच. मुख्य हेतू वेगळा असल्यामुळे शब्द बाद होत नाही. शिवाय 'अलाइनमेंटवाला' या शब्दातला 'वाला' सोडला तर मराठी म्हणून उरले काय?

शब्दवेडी :
एका शब्दावर तरी एकमत होईल अशी आशा आहे. इंग्रजीत ज्याला ट्वीक म्हणतात, म्हणजे चासीला किंवा स्प्रिंगांच्या दाबाला डावी-उजवीकडे आलेला तिरकसपणा, त्याला 'पीळ' हा शब्द चपखल बसतो. सपाट फळीवर मोटार ठेवून नाकाच्या बरोबर मध्याखाली सुरीचे टोक घालून उचलावे. पुढची दोन्ही चाके एकाच वेळी सुटली नाहीत तर पीळ आहे.

टर्नर :
हे मान्य, पण अपुरे आहे. डावीकडचा आणि उजवीकडचा ड्रूप सारखा नसेल तर चासी सरळ असूनही हीच चाचणी चाके मागेपुढे सुटताना दाखवते. त्याला पीळ म्हणणार का?

शब्दवेडी :
दिसतो तो पीळच.

चाकोरी :
पत्रक रविवारी छापायला द्यायचे आहे. टामियाच्या टीटी-02 सारख्या सुरुवातीच्या संचात मुळात कॅम्बर बदलताच येत नाही, त्यामुळे ओळंब्याचा वाद माझ्यापुरता पुढे ढकलता येईल. लोंबण की झोळ, एवढेच कोणी सांगेल का?

वाटसरू :
'उतार' कसा वाटतो?