ओसरत चाललेली मराठी मंडळी पाळक सावरू शकतो का?

कॅम्पातला
पुण्यातल्या काही जुन्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या स्थानिक सभासदांच्या समूहांत, नाताळला मांडव घालावा लागतो आणि जूनमध्ये रिकामे बाक मोजून घ्यावेत अशी स्थिती. तरुण जोडपी वाकड, खराडीला राहायला गेली. तिथेच एखाद्या हॉलमधल्या इंग्रजी उपासनेला जातात. माझं म्हणणं, अशी मंडळी उभी करायची तर पाळकाला (पास्टरला) आठ-दहा वर्षं एका जागी राहू द्या. आपल्याकडे घरं ओळखीची होईपर्यंत बदलीचं पत्र येतं. रविवारचा संदेश चांगला असून भागत नाही. ससूनमध्ये कोण दाखल आहे, कुणाच्या मुलाची नोकरी गेली, कोण रुसून घरी बसलंय, हे माहीत असायला वर्षं लागतात.

गुरुवार पेठ
आणि माणूस चुकीचा निघाला तर? दहा वर्षं भोगायचं? सामान्य सभासदाच्या हातात बदलीच्या अर्जाशिवाय आहे काय!
दुसरं, मंडळीत श्रद्धेची जागृती पाळकामुळेच होते हे कुणी ठरवलं? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी जागृती झाली, ती प्रार्थनेला बसणाऱ्या मुली-बायकांमधून. ते मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंना कुणी पाळकपदाची दीक्षा दिली नव्हती.

कॅम्पातला
ताई, रमाबाईंचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं. पाळकाचा झगा नव्हता, पण त्या तिथेच राहिल्या, १९२२ साली गेल्या त्याही तिथेच. मी पदाबद्दल बोलत नाहीये, टिकून राहण्याबद्दल बोलतोय.

गुरुवार पेठ
मग पाळक कशाला म्हणता? संडे स्कूल वर्षानुवर्षं चालवणाऱ्या बाईला म्हणा की. तिची बदली होत नाही, तिला कमिटीत कुणी विचारतही नाही.

जुना सेक्रेटरी
दोघांनी एकदा पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत, बसून बघा. अर्धी मीटिंग चर्चच्या कंपाउंडच्या कोर्टकेसवर, उरलेली छताच्या गळतीवर. नवीन पाळक उत्साहाने येतो, रविवारी ढोलकी-टाळ घेऊन भजन लावू म्हणतो, तर 'आमच्या मिशनची ती पद्धत नाही' असं ऐकवतात. १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पण आमच्याकडे कोण मूळचं कुठल्या मिशनचं हे अजून तोंडपाठ! पाळकाला अधिकार द्या, निदान उपासनेपुरता तरी. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी कीर्तन-भजनाने लोक गोळा केले, ते कमिटीचा ठराव पास करून नव्हे.

बिबवेवाडी
काका, टिळकांचा दाखला जपून द्या. ते १९१७ साली मिशनमधून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा वेगळा मेळा काढला. म्हणजे असला माणूस आपल्या चौकटीत मावलाच नाही. दोन वर्षांत ते वारलेही. तेव्हा प्रश्न पाळकाला किती अधिकार द्यायचा एवढाच नाही.
मी पाळक घडवणाऱ्या सेमिनरीच्या शेजारी राहतो. शिकायला येणारी मुलं हुशार असतात, ग्रीक वाचतात. पण भांडलेल्या दोन घरांना एका टेबलाशी बसवायचं कसं, हे कुणा वडीलधाऱ्या पाळकाच्या मागे फिरूनच शिकता येतं. तेवढी सवड आपण त्यांना देत नाही; नेमणूक होते आणि थेट पडकी मंडळी पदरात.

जुना सेक्रेटरी
हे मान्य. पण वडीलधारा पाळक तरी एकटा तीन-तीन मंडळ्या बघतोय, तो कुणाला मागे फिरवणार?

गुरुवार पेठ
म्हणूनच म्हणते, घरभेटी सभासदांनी वाटून घ्या. कोथरूड, हडपसर, पिंपरी असे भाग पाडा. पाळकाने जिथे मृत्यू, आजार, भांडण असेल तिथे जावं.

कॅम्पातला
आणि लोक म्हणणार, 'पाळक आलेच नाहीत आमच्याकडे.' चहाला सेक्रेटरी आलेला आपल्या लोकांना चालत नाही, ताई!

गुरुवार पेठ
चालत नसेल तर सवय लावा. तुमच्या आठ-दहा वर्षांतली दोन त्यातच जाऊ देत.