लॅपटॉप चार्ज होत नाहीये, कोणाला यातलं कळतं का?

स्वाती, बी-४०३: नमस्कार मंडळी. ईराचा लॅपटॉप चार्ज होत नाहीये. चार्जर लावला की चालतो, काढला की फटकन बंद. खाली ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ आणि शून्य टक्के. उद्या तिचं प्रोजेक्टचं ऑनलाइन प्रेझेंटेशन आहे आणि उद्या गुरुवार, म्हणजे लाइट जायची भीती. चौकातल्या दुकानदाराने उघडूनही न बघता सांगितलं की बॅटरी गेली, साडेचार हजार होतील. कोणाला यातलं कळतं का?

नितीन, डी-३०५: रीस्टार्ट करून बघितलं का?

स्वाती, बी-४०३: हो हो, सगळं करून झालं.

वैद्य काका, सी-१०४: सर्व सभासदांना नम्र विनंती. मीटर रूममधला न्यूट्रल सैल आहे. गेल्या महिन्यात लेखी दिलं आहे. उपकरणं बिघडण्याचं मूळ तिथे आहे. कृपया लक्ष द्यावे. 🙏

सेक्रेटरी, बी-१०१: काका, तुमच्या पत्राची पोच दिली आहे.

वैद्य काका, सी-१०४: पोच मिळाली. इलेक्ट्रिशियन अजून यायचा आहे.

मीनाकाकू, ए-२०२: स्वाती, बॅटरी काढून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांध आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. माझ्याकडे फॉरवर्ड आलाय, पाठवते.

अभिजित, ए-७०१: काकू, प्लीज नको. लिथियमची बॅटरी गारठवून सुधारत नाही, उलट बाहेर काढल्यावर आत दमट होते. शिवाय हल्लीच्या लॅपटॉपची बॅटरी आतच असते, मागचं झाकण स्क्रू काढून उघडावं लागतं. स्वातीताई, चार्जर कसा आहे, गोल पिनचा की टाइप-सी?

स्वाती, बी-४०३: गोल पिन. लॅपटॉपबरोबर आलेलाच आहे.

राजेश, बी-६०२: अरे मग कोणाचा तरी मोबाइलचा टाइप-सी लावून बघा. माझ्याकडे फास्ट चार्जर आहे.

अभिजित, ए-७०१: राजेशदादा, लॅपटॉपला साधारण ४५ किंवा ६५ वॅट लागतात. मोबाइलचे बरेच चार्जर तेवढे देत नाहीत, आणि त्यांचं फास्ट चार्जिंग बहुतेक वेळा त्या फोनपुरतंच असतं. ताईंच्या लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट चार्जिंगचा आहे की नुसता पेनड्राइव्हचा, तेही बघावं लागेल.

नितीन, डी-३०५: माझा पण चार्ज होत नाही. ८० टक्क्यांवर अडकतो. माझी पण बॅटरी गेली का?

अभिजित, ए-७०१: तुमचा प्रकार वेगळा आहे. दिवसभर चार्जर लावून काम करता ना? कंपनीच्या ॲपमध्ये मर्यादा लावलेली असणार. लेनोव्होत कॉन्झर्व्हेशन मोड म्हणतात, आसूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग. सतत १०० टक्क्यांवर ठेवली की बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून मुद्दाम अलीकडे थांबवतात. तुम्ही आहे तसंच राहू द्या. प्रवासाला जाताना तेवढी मर्यादा काढा.

नितीन, डी-३०५: बापरे, मी नवी बॅटरी बघून ठेवली होती.

स्वाती, बी-४०३: अहो नितीनभाऊ, आधी माझं होऊ द्या.

वैद्य काका, सी-१०४: मीटर रूममधला न्यूट्रल सैल आहे. न्यूट्रल सुटला तर एका फ्लॅटला कमी आणि दुसऱ्याला २३० च्या कितीतरी वर व्होल्टेज जातं. आमच्या जिन्यातले दिवे कधी मंद कधी भगभगीत होतात. कृपया लक्ष द्यावे. 🙏

अभिजित, ए-७०१: काका, दिव्यांचं तुम्ही म्हणताय ते गंभीर आहे, बघायलाच हवं. पण ताईंच्या बाबतीत तसं वाटत नाही. जादा व्होल्टेजने अडॉप्टर गेला असता तर तो पूर्णच गेला असता. इथे लॅपटॉप त्याच अडॉप्टरवर चालतोय.

राजेश, बी-६०२: जनरेटरवर प्रत्येक फ्लॅटला एक पॉइंट दिला असता तर आज पोरीला लाइटची चिंताच नसती. एजीएममध्ये हात कोणी खाली ठेवले ते सगळ्यांना आठवतंय.

सेक्रेटरी, बी-१०१: राजेशजी, नम्रपणे सांगतो, ज्यांची मेंटेनन्सची थकबाकी आहे त्यांनी जनरेटरच्या डिझेलवर बोलू नये.

राजेश, बी-६०२: माझी थकबाकी पार्किंगच्या वादामुळे आहे आणि ते तुम्हाला चांगलं माहीत आहे.

मीनाकाकू, ए-२०२: अरे पोरीचं प्रेझेंटेशन आहे रे, भांडताय काय.

शिल्पा, सी-५०१: मैत्रिणींनो, संकष्टीच्या मोदकांची ऑर्डर आज रात्रीपर्यंतच घेतेय. उकडीचे, २१ चा डबा.

राजेश, बी-६०२: शिल्पाताई, ५० टक्के चार्ज आत्ता भरायचा की डिलिव्हरीला? 😄

अभिजित, ए-७०१: ताई, दोन गोष्टी करा. आधी चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, चार्जर लावा, चालू करा. नाही झालं तर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडा आणि मी पर्सनलवर पाठवतोय ती बॅटरी रिपोर्टची कमांड टाका. एक फाइल तयार होईल. त्यातले ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे सांगा.

स्वाती, बी-४०३: बटणाने काही झालं नाही. आकडे ईराने काढले. डिझाइन ४१,४४० आणि फुल चार्ज ३४,९००.

अभिजित, ए-७०१: मग बॅटरी गेलेली दिसत नाही! नवी असताना जेवढं धरायची त्याच्या ८४ टक्के अजून धरते असं दिसतंय. म्हणजे तिच्यापर्यंत वीज पोहोचत नाहीये. एक सांगा, चालू करताना काळ्या स्क्रीनवर काही मेसेज येतो का? आणि लॅपटॉप एवढ्यात संथ झालाय का?

स्वाती, बी-४०३: संथ तर खूपच झालाय. आम्हाला वाटलं व्हायरस आहे. ईरा म्हणते मेसेज येतो, अडॉप्टर ओळखता येत नाही असं काहीतरी, ती एंटर दाबून पुढे जाते.

अभिजित, ए-७०१: सापडलं. तो मेसेजच महत्त्वाचा होता. काही कंपन्यांच्या गोल पिनमध्ये अगदी मधोमध सुईसारखी बारीक तार असते. ती वीज नेत नाही, ‘मी इतक्या वॅटचा, आपल्याच कंपनीचा चार्जर’ एवढी ओळख लॅपटॉपला सांगते. ओळख पटली नाही तर लॅपटॉप जपून वागतो. स्वतः कसाबसा चालतो, प्रोसेसर हळू करतो आणि बॅटरी चार्ज करत नाही. मोबाइलचा टॉर्च मारून पिनच्या आत बघा.

स्वाती, बी-४०३: अरे हो! मधली तार एका बाजूला वाकून कडेला टेकलीय. ईरा म्हणते बॅगेत कोंबताना पिन दबली असेल.

राजेश, बी-६०२: चिमट्याने सरळ करा की मग.

अभिजित, ए-७०१: चिमट्याने तुटली तर तुकडा लॅपटॉपच्या सॉकेटमध्ये अडकतो, मग तो सॉकेटच बदलावा लागतो. आज त्याला हात लावू नका. सेम कंपनीचा, तशाच पिनचा चार्जर कोणाकडे आहे का? मागच्या स्टिकरवर १९.५ व्होल्ट हवं आणि वॅट तेवढेच किंवा जास्त. वॅट जास्त असले तरी चालतं, लॅपटॉप लागतील तेवढेच घेतो. व्होल्ट मात्र तोच हवा.

सेक्रेटरी, बी-१०१: आमच्या सुनेचा आहे. ६५ वॅट, १९.५ व्होल्ट. वर्षाला वर पाठवतो. उद्या संध्याकाळपर्यंत ठेवा, तिला घाई नाही.

स्वाती, बी-४०३: चार्ज होतोय!! केशरी दिवा लागला. ४ टक्के झाले. साहेब, वर्षाला आणि तुम्हाला मनापासून धन्यवाद. अभिजित, तुझे किती आभार मानू. मी साडेचार हजार देऊनच आले असते.

अभिजित, ए-७०१: रात्रीत पूर्ण भरून ठेवा. नवा अडॉप्टर घेताना दुकानात लॅपटॉप घेऊन जा आणि तिथेच टक्के वाढताना बघा. काही स्वस्त डुप्लिकेटमध्ये ती ओळखीची चिप धड नसते, पुन्हा हीच कटकट.

मीनाकाकू, ए-२०२: अभिजित, आमच्या ह्यांचा जुना लॅपटॉप पण चार्ज होत नाही. आणि माउसची पाटी वर आलीय, झाकण बसत नाही. हे त्यावर शब्दकोश ठेवून दाबतात.

अभिजित, ए-७०१: काकू!! शब्दकोश आत्ता काढा. बहुतेक बॅटरी फुगली आहे. दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. चार्जरला लावलेला आहे का?

मीनाकाकू, ए-२०२: लावलेलाच असतो. पलंगाशेजारी.

अभिजित, ए-७०१: आधी भिंतीवरचं बटण बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. गॅलरीत फरशीवर सावलीत ठेवा, पडदे, गादी, कपडे लांब. मी पाच मिनिटांत खाली येतो.

वैद्य काका, सी-१०४: मीटर रूममधला न्यूट्रल

सेक्रेटरी, बी-१०१: काका, शनिवारी सकाळी १० ला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलावलाय. आत्ताच फोन केला. तुम्ही स्वतः हजर राहा, दाखवायला तुम्हीच लागाल.

वैद्य काका, सी-१०४: येतो. टेस्टर आणतो. धन्यवाद.

राजेश, बी-६०२: मीनाकाकू, नुसती बॅटरी काढून घंटागाडीत टाका, विषय संपला.

अभिजित, ए-७०१: अजिबात नाही. गाडीत कचरा दाबला जातो, तिथेच पेटेल आणि त्या बिचाऱ्या माणसाच्या अंगावर येईल. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून विचारू, उद्या मी ऑफिसला जाताना घेऊन जातो.

मीनाकाकू, ए-२०२: बाबा, ह्यांना त्यातले नातवाचे फोटो हवेत. तेवढ्यापुरता चालू करू का?

अभिजित, ए-७०१: नको काकू. फोटो डिस्कवर आहेत, बॅटरीशी त्यांचा संबंध नाही. सेंटरवाले बॅटरी काढली की डिस्क वेगळी काढून देतील. काकांना सांगा, मी जिन्यात आहे, दार उघडा.